लेक रमली तर

मी नाशिकला निघाले त्या दिवशी आईने माझ्याकडे पाठ केली होती. कळवणच्या स्टँडवर एसटी उभी, मी खिडकीत, मांडीवर रेक्झिनची बॅग. अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीखाली उभे राहून तेच ते पुन्हा सांगत होते, "नाय जमलं तर परत ये, घर कुठं पळून चाललं नाय." आणि आई कुठे होती? चार पावलं पलीकडे, सप्तशृंगीच्या गडाच्या दिशेला तोंड करून, हात जोडून, ओठ हलवत उभी. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी दोनदा हाक मारली. बाई वळल्या नाहीत.

मला भयंकर राग आला. घराण्यातली पहिली मुलगी लग्नाशिवाय घर सोडून चाललीय, तिच्याकडे बघायचं सोडून डोंगराकडे कसलं बघत बसलीस? नांदुरीपर्यंत मी त्या रागात होते, वणी आल्यावर रडले, आणि दिंडोरी गेल्यावर शेजारच्या बाईने दिलेले शेंगदाणे खाल्ले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आज एक्केचाळीस. आई तेव्हा काय पुटपुटत होती हे मला या वर्षी कळलं, आणि तेही इंग्रजीतून कळलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. गावात राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनी तर नक्की वाचावं, कारण तुमच्याही घरी असलं काहीतरी शिजत असणार आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसणार.

मी इंग्रजी शिकवते. आधी सहा वर्षं एका शाळेत शिकवलं, मग सिडकोत एका मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन स्वतःचा क्लास काढला. माझ्याकडे अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली मुलं येतात, परदेशी जायला निघालेल्या नर्स येतात, आणि पहिलीतलं पोर चारचौघांत आपलं इंग्रजी सुधारतं म्हणून चिडलेल्या आया येतात. सगळ्यांशी माझं छान जमतं. पण वर्षातून चार वेळा, प्रत्येक बॅचला एकदा, कंडिशनल सेन्टेन्सेसचा धडा येतो आणि माझं डोकं फिरतं.

"इफ ही विल कम, आय विल गो." फुली. "इफ आय will गेट जॉब" असं एकाने अर्धं देवनागरीत अर्धं इंग्रजीत वहीत लिहून दाखवलं. त्यालाही फुली. अरे बाबांनो, दोन्हीकडे ‘विल’ कशाला चिकटवता? वाक्याचे दोन तुकडे आहेत. एकात अट आहे, दुसऱ्यात अट पुरी झाल्यावर काय होणार ते आहे. ‘विल’ दुसऱ्या तुकड्यात लावा, पहिला मोकळा सोडा. मान सगळे हलवतात. दुसऱ्या दिवशी वही उघडली की दोन्हीकडे ‘विल’ ठाण मांडून बसलेलं असतं. फुल्या मारून मारून माझा खांदा धरतो.

या धड्यात ‘तर’चे कप्पे असतात. होऊ शकेल असा एक. होणार नाही, पण बोलायला काय जातं, असा दुसरा. आणि वेळ निघून गेल्यावर कपाळाला हात लावायचा तो तिसरा. हा तिसरा सगळ्यात किचकट, पण माझ्या वर्गात तो एका तासात येतो. मी तेव्हा सायन्स घेतलं असतं तर, बापाने ती जागा विकली नसती तर, त्या पोरीला वेळेवर विचारलं असतं तर. हळहळायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. घोडं अडतं ते पहिल्या, साध्या ‘तर’पाशी.

मग एका बॅचला कंटाळून मी म्हटलं, नवस कसा बोलता? देवी, माझं अमुक झालं, तर मी तुला तमुक करीन. पहिला तुकडा देवीचा, दुसरा तुमचा. देवीच्या तुकड्यात ‘विल’ घालायचं नाही, तिला हुकूम सोडता येत नाही. ‘विल’ आपल्या तुकड्यात, कारण शब्द आपण दिलाय. वर्ग एकदम जागा झाला. मालेगावचा अन्वर, ज्याच्या घरी चार पिढ्या माग चालतात, मागच्या बाकावरून म्हणाला, "आमच्यात मन्नत, मॅडम. सेम टू सेम." त्या दिवसापासून मी हा धडा नवसावरच शिकवते. सुरगाण्याकडच्या एका नर्सने एकदा विचारलं होतं, देवीचा तुकडा पुरा झाला की नाही, हे ठरवायचं कुणी? मी म्हटलं, ते सिलॅबसमध्ये नाही. वर्ग हसला आणि मीही हसले.

आता आमच्या घराची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे ‘छान चाललंय’ असं कुणी म्हणत नाही. म्हणायचंच नसतं. माझ्या चुलत्याने एकदा देवळ्याच्या बाजारात चहा पिता पिता सांगितलं की यंदा आपला कांदा नंबर एक आहे, आणि आठव्या दिवशी गारा पडल्या. गारा अख्ख्या तालुक्यात पडल्या, पण आमच्या घरात आजही त्या चुलत्याच्या जिभेमुळे पडल्या असं मानतात. त्यामुळे आम्हाला लहानपणापासून वळण लागलेलं. पेपर कसा गेला? जेमतेम. तब्येत कशी आहे? चाललंय रडतपडत. सोयरिकीची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझ्या भावाने ‘शेती कशी आहे’ला ‘काय खरं नाय’ असं उत्तर दिलं होतं, तरी त्याचं लग्न झालं, कारण मुलीकडचेही आमच्याच भागातले होते.

ही रीत घेऊन मी नाशिकला आले. आई दर रविवारी फोन करायची. आधी माझ्या खोलीखालच्या किराणा दुकानात, मग मोबाइलवर. जेवलीस का, आणि पाठोपाठ, "रमलं का मन?" दर रविवारी हाच प्रश्न. आणि मी दर रविवारी सुरू व्हायचे. कसलं रमतंय, पाणी एक दिवसाआड येतं. कसलं रमतंय, घरमालकीण दारात चपला मोजते. मुंबई नाक्याला पाऊण तास अडकले. शेजारी माझ्या पार्किंगमध्ये त्याची गाडी लावतो आणि वर मलाच शिकवतो. आता तर सिंहस्थासाठी जिकडेतिकडे रस्ते खोदून ठेवलेत, रोज नवीन गल्लीतून घरी जावं लागतं. आई ऐकून घ्यायची, "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. मला वाटायचं, तिला माझ्या कुरकुरीत रस आहे.

गेल्या जूनमध्ये माझी भाची, भावाची मुलगी वैष्णवी, कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली. एकोणीस वर्षांची, हुशार, आणि कमालीची आतल्या गाठीची. संध्याकाळी ती माझ्याच क्लासला बसते. मार्चमध्ये मी बॅचला ‘इफ’ची दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली, नेहमीप्रमाणे नवसाची. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. इफ आय पास, आय विल क्लाइम्ब द गड. इफ माय ब्रदर मॅरीज, वी विल फीड फिफ्टी पीपल. वैष्णवीची नऊ वाक्यं अशीच होती. दहावं होतं, ‘इफ आत्या लाइक्स नाशिक, आजी विल ईट मँगो.’

मी आधी बरोबरची खूण केली. ‘लाइक्स’ला एस लावलेला, ‘विल’ एकदाच, तेही योग्य जागी. ‘मँगोज’ हवं, असं बारीक अक्षरात लिहिलंसुद्धा. पुढची वही उघडली. मग पुन्हा वैष्णवीची उघडली.

तिला विचारलं तर आधी म्हणाली, उगीच सुचलं. मी वही तिच्यापुढे धरली. मग म्हणाली, "आजीनं शप्पथ घातलीय आत्याला सांगायचं नाही म्हणून. मी कुठं सांगितलं? मी होमवर्क केला."

तर प्रकार असा होता. मी निघाले त्या दिवशी आईने स्टँडवर उभं राहून देवीला नवस बोलला होता. माझी लेक तिकडे रमली तर मी तुझा घाट पायी चढून येईन, आणि तोवर आंबा तोंडात घालणार नाही. ज्याच्यासाठी नवस बोलायचा त्याला तो कळू द्यायचा नाही, ही आईची आणखी एक रीत. वैष्णवीने सातआठ वर्षांची असताना, आजी रस का खात नाही म्हणून फारच भंडावलं, तेव्हा तिला एकटीला सांगितलं. बाकी कुणालाच माहीत नाही. वहिनीला वाटायचं सासूबाईंना साखरेची भीती आहे. मला आईने सांगितलं होतं की आंबा उष्ण पडतो.

आमच्याकडची आखाजी ज्यांनी पाहिली नाही त्यांना यातलं क्रौर्य कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर पुजली जाते आणि मगच घरात आंबा खाल्ला जातो. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. तो रस आई स्वतः काढते, पाटीभर आंबे पिळते, कोपरापर्यंत हात पिवळे होतात. एकोणीस वर्षं तिने तो रस चव न बघता काढला, वाढला, ‘अजून घे’ म्हणाली. आणि मी तिच्यासमोर बसून तीन तीन वाट्या खाल्ल्या. वर तिलाच दटावलं, काय गं हे, एक वाटी खाल्लीस तर काय मरणार आहेस का? हे माझे शब्द आहेत. आठवले की जीभ हासडावीशी वाटते.

त्या संध्याकाळी मी इतकी चिडले होते की क्लास लवकर सोडला. आईवर चिडले. अगं, नवस बोलायचा तर नीट बोल. नोकरी लागली तर, असा बोल, महिन्यात मोकळी झाली असतीस. घर घेतलं तर, असा बोल, अकरा वर्षांपूर्वी सुटली असतीस. ‘रमली तर’ ही काय अट झाली? तिचा दाखला कोण देणार? तहसीलदार? आणि मग चडफडत माझ्यावरच येऊन ठेपले, कारण दाखला मीच देणार होते. दर रविवारी ती दारात येऊन मागत होती आणि दर रविवारी मी तिला पाणीकपात सांगून परत पाठवत होते.

बरं, मी रमले होते का? हा विचार मी कधी केलाच नव्हता. केला, तेव्हा आणखी चिडचिड झाली. कारण मी कधीच रमले होते. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातली भाजीवाली माझ्यासाठी मेथीची जुडी बाजूला ठेवते. पुण्याच्या कुणी नाशिकला नावं ठेवली की मी भांडायला उठते. गावी गेले की तिसऱ्या दिवशी मला माझ्या गॅलरीतली खुर्ची आठवते आणि चौथ्या दिवशी मी काहीतरी काम काढून निघते. हे सगळं निदान बारा-चौदा वर्षं चालू आहे. मी वेळेवर एक वाक्य बोलले असते तर आईने एवढे उन्हाळे आंबा खाल्ला असता. हा तिसरा ‘तर’, कपाळाला हात लावायचा. मी वर्गात तो हसत हसत शिकवते.

ठरवलं, रविवारची वाट बघायची नाही. त्याच रात्री जेवणाआधी फोन लावला आणि सरळ सांगितलं, "आई, मी रमलेय इथं. मला नाशिक आवडतं. सगळं छान चाललंय."

मग आई हळूच म्हणाली, "काय झालंय? दवाखान्यात हाय का?"

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसेना. एकोणीस वर्षं जी मुलगी रडगाणं गाते ती अचानक छान म्हणते, म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरतंय. तिने फोन वहिनीकडे दिला, वहिनीने भावाकडे. भावाने विचारलं, सुरेखा, खरं सांग, रिपोर्ट काय आले? मी म्हटलं, कसले रिपोर्ट? तो म्हणाला, आई देवापुढे बसलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भाऊ माझ्या दारात हजर, हातात दोन डझन अंडी आणि चेहरा स्मशानात आल्यासारखा. त्याला मी चहा पाजला, जिना दोनदा चढून-उतरून दाखवला आणि परत पाठवला. मनात म्हटलं, फोनवर होणारं हे काम नाही, आखाजीला समोर बसूनच सांगावं लागेल.

पण भाऊ जाताना जे बोलून गेला त्याने माझं अवसान गळालं. घरात एक खोली आहे, ओसरीच्या उजव्या हाताची. मी निघाल्यापासून आईने ती तशीच ठेवली आहे. माझी कॉट, माझी पुस्तकं, दाराला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. भाऊ, वहिनी, दोन मुलं मधल्या खोलीत दाटीवाटीने झोपत आले. धाकट्याची दहावी झाली, त्याला अभ्यासाला जागा नव्हती, तो कांदा साठवायच्या चाळीत दिवा लावून बसायचा. भावाने तीनदा खोली मागितली. आईचं उत्तर ठरलेलं, "सुरेखा परत आली तर कुठं राहील?"

म्हणजे आईचे दोन ‘तर’ होते. सुरेखा रमली तर आंबा. सुरेखा परत आली तर खोली. आणि दोन्ही एकदम पुरे होणं शक्य नव्हतं. आंबा द्यायचा तर मला सांगावं लागणार होतं की मी परत येणार नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर गावी येईन, असं मी दर दिवाळीला म्हणत आले होते. ते बोलून बरं वाटायचं, आईलाही आणि मलाही. तिची एक वाटी रस आणि माझी खोली समोरासमोर आल्यावर मी चक्क दोन आठवडे गप्प बसले. याची मला लाज वाटते, पण बसले.

आखाजीच्या आधी दोन दिवस वैष्णवीला घेऊन गावी गेले. स्वयंपाकघरात आई आणि वैष्णवी दोघीच होत्या, तेव्हा आईला गाठलं आणि म्हटलं, मला नवसाचं कळलंय. कुणी सांगितलं, असं तिने विचारलंच नाही. वैष्णवीकडे एकदा बघितलं, बस. वैष्णवी पटकन पाण्याचा हंडा उचलून बाहेर गेली.

आई म्हणाली, "मग? रमलीस का नाय ते सांग. फोनवरचं नको. इथं सांग."

मी हो म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, बाजारात कोथिंबीर उलटीपालटी करून बघतात तसं. मग म्हणाली, "म्हणजे आता परत यायची नाय तू."

तिनेच ते वाक्य पुरं केलं. मी इतक्या वर्षांची मास्तरीण, मला ते जमलं नव्हतं. मी म्हटलं, येत जाईन, पण राहायला नाही येणार. आईने मान हलवली आणि डब्यातलं पीठ परातीत काढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी नांदुरीला उतरलो आणि घाटाचा रस्ता पायी चढायला लागलो. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. भाऊ म्हणत होता, गाडीने चला, देवी काय बघायला बसलीय का? आई म्हणाली, तीच बघायला बसलीय. दर वळणाला ती थांबायची, पण दम लागला म्हणायची नाही. चपलेत खडा गेला म्हणायची. आठ-दहा खडे झाल्यावर मी तिला कठड्यावर बसवलं आणि इतके दिवस डोक्यात घोळत असलेलं विचारलं. नोकरीचा नवस का नाही बोललीस? घराचा का नाही? हे मनाचं कुठून काढलंस?

ती पदराने घाम पुसत म्हणाली, "नोकरी त तू केलीच असती. घर बी घेतलं असतं. त्याला देवी कशाला पायजे? मन लागायचं तेवढं आपल्या हातात नव्हतं." मग म्हणाली, "माझं इथं लागायला लय वर्षं गेली. कुणी इचारलं नाय."

आईचं माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती या डोंगराकडच्या गावात आली. मी तिची मुलगी, रोज शंभर जणांना प्रश्न विचारायला शिकवते, आणि तुझं इथे मन लागलं का, हे मी तिला एक्केचाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. मला रस्त्यातच रडू आलं. आई म्हणाली, चल, ऊन चढतंय.

गडावर तिने साडीचोळी वाहिली आणि देवीशी नेहमीच्या आवाजात बोलली, शेजारणीशी बोलावं तशी. रमली गं बाई, म्हणाली, उशीर केला तिनं, पण रमली.

घरी आल्यावर तिने कमरेची किल्ली काढून वहिनीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, पोरांची अंथरुणं तिकडं टाक. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. संध्याकाळी माझी पुस्तकं दोन खोक्यांत भरून ओसरीत आली आणि कॉटवर धाकट्याचं दप्तर पडलं. मी हसत हसत त्याला गादी टाकायला मदत केली आणि मग मागच्या दारी जाऊन उगीच भांडी घासली. त्या रात्री मी ओसरीत झोपले. झोप आली नाही. मच्छर होते, असं सकाळी सांगितलं.

आखाजीला अण्णांच्या नावाची घागर पुजली. पानं वाढली. आईने स्वतःच्या पानात रसाची वाटी ठेवली, तेव्हा सगळं घर जेवायचं थांबलं. वहिनीच्या हातातली पोळी हातातच राहिली. आईने पोळीचा तुकडा बुडवला, खाल्ला, बराच वेळ चावला. रस गोड होता, मी वाढता वाढता चाखला होता. साखर घालावी लागली नव्हती. आई म्हणाली, "हाय आपला जेमतेम. जरा आंबटच निघाला." मग दुसरी वाटी घेतली. मग तिसरी.

दुपारी आमच्या गल्लीत गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी झोक्यावर जमतात. आखाजी त्यांचा सण. त्यांना नवी साडी मिळते, कुणी कामाला हात लावू देत नाही. मी लग्न न करता गेले, त्यामुळे मी माहेरवाशीण कधी झालेच नाही. मी आपली घरची पोर. एकोणीस आखाज्या मी स्वयंपाकघरात वहिनीबरोबर पोळ्या लाटल्या, भांडी आवरली, आणि दर वर्षी यावर मनातल्या मनात भांडले. यंदाही सवयीने खरकटी ताटं गोळा करत होते. तेवढ्यात शेजारच्या जिजाकाकू अंगणात डोकावल्या आणि आईला विचारलं, "सुरेखा आली का वं घरी?"

आई ओसरीत सुपारी कातरत होती. म्हणाली, "तिचं घर नाशकाला हाय. माहेरी आलीय."

मग उठून आत आली, माझ्या हातातली ताटं काढून घेतली आणि एक नवी साडी माझ्या खांद्यावर टाकली. मला झोक्याकडे जायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे, एवढं आवरते. ती ऐकेना. वहिनीनेही मला बाजूला सारलं. मी दारात साडी धरून उभी राहिले. ज्या मानासाठी मी इतकी वर्षं धुसफुसले तो मिळाला होता, आणि त्या घरात मला करण्यासारखं आता काही काम नव्हतं.